अर्धी कळशी

पूर्णा स्टेशनासमोर गुरुपादप्पांचं सुतळी-बारदानाचं दुकान होतं, आणि ते दर सोमवारी बंद असायचं. सोमवार महादेवाचा. त्या दिवशी गुरुपादप्पा पहाटे आंघोळ करून, कपाळभर भस्म ओढून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून नदीकडे जात ते दिवस कलल्यावर परत येत. लिंगायताच्या माणसानं महादेवाला अख्खा दिवस द्यावा याचं पेठेत मोठं कौतुक होतं. फक्त त्यांच्या बायकोला, शिवम्माला, ठाऊक होतं की या महादेवाला नैवेद्य लागतो तो हिंग घातलेल्या कणकेचा.

हे तिच्या ध्यानात यायलाही बरीच वर्षं गेली होती. सोमवारी कणीक कमी भरायची. आधी तिला वाटलं, उंदीर. पण हिंगाची डबी उघडून, चिमूटभर काढून, परत घट्ट झाकण लावून ठेवणारा उंदीर तिनं माहेरीही पाहिला नव्हता. मग एकदा त्यांचं धोतर धुताना निऱ्यांत काहीतरी चिकटलेलं सापडलं. नखाएवढं, अभ्रकासारखं चकचकीत. ती ते शेजारच्या केवळाबाईला दाखवायला निघाली आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरली. काही गोष्टी एकदा विचारल्या की गावाच्या होतात. तिनं तो खवला धुतला, उन्हाकडे धरून पाहिला, आणि सुपारीच्या डब्यात तळाशी टाकून दिला.

तेव्हापासून सोमवारची कणीक ती मूठभर जास्तच मळू लागली. हिंगही तीच घाली. वाटीखाली झाकून गोळा चुलीशेजारी ठेवी. सकाळी वाटी तिथंच असे, गोळा नसे. दोघांपैकी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. घरात मासा आला नाही, कुणी शिजवला नाही, कुणी खाल्ला नाही. नदीतून काढलेला मासा ते नदीतच सोडतात हे तिनं न विचारताच ओळखलं होतं. ज्या माणसाला दुकानात उंदराचा पिंजरा लावायला हात धजत नव्हता, तो दुसरं काय करणार?

हा नाद त्यांना लावला होता रेल्वेतल्या एका गार्डसाहेबानं. निजामाच्या गाडीचा गार्ड. सुतळी घ्यायला म्हणून दुकानात यायचा आणि तास तास बसायचा. पोलीस ॲक्शनच्या साली त्याच्या क्वार्टरला कुलूप लागलं. तो कुठं गेला ते पूर्णेत कुणाला कळलं नाही. पण त्याच सुमारास दुकानाच्या माळ्यावर, बारदानाच्या गठ्ठ्यांमागे, एक लांब वेताची काठी येऊन पडली. गुरुपादप्पा बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हते. शिवम्मा माळा झाडायची तेव्हा काठीच्या अलीकडंच केरसुणी थांबवायची.

एकदाच काय ती गडबड झाली. भावाच्या घरी वास्तुशांत होती आणि गुरुपादप्पा येतो म्हणत नव्हते, तेव्हा ती वैतागून म्हणाली, "आता किती गळ घालायची तुमाला?" गुरुपादप्पांच्या हातातला घास ताटात पडला. मग तिच्या ध्यानात आलं. त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला गळ घातली नाही. विनवण्या केल्या, हट्ट केले, पण तो शब्द टाळला.

असं सगळं बरं चाललेलं असताना शिवम्माच्या छातीत धाप येऊन बसली.

धाप म्हणजे तशी ती जुनीच होती, पाव्हण्यासारखी यायची आणि जायची. आता ती राहायलाच आली. अडुळसा झाला, सुंठ झाली, बकरीचं दूध झालं. परभणीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, घरात धूळ आहे का? गुरुपादप्पा खाली बघत म्हणाले, बारदानाचं दुकान आहे. डॉक्टर म्हणाला, मग धुळीपासून लांब राहा. दुकानामागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईनं धुळीपासून लांब राहायचं म्हणजे भाकरीपासून लांब राहायचं. पण डॉक्टरला ते कशाला सांगा. त्या हिवाळ्यापासून तिची पाठ जमिनीला टेकली नाही. आडवं झालं की छातीवर कुणी पोतं टाकल्यासारखं व्हायचं. मग ती भिंतीशी रचलेल्या गठ्ठ्याला टेकून बसायची आणि तशीच डुलक्या घ्यायची.

"मला बाकी काई नको," ती एकदा म्हणाली. "एक रात आडवं पडून झोपायचंय. कुशीवर. बस्स."

 ते वाक्य गुरुपादप्पांच्या मनात जाऊन बसलं, हे तिला दिसलं.

केवळाबाई धनगराची. रोज सकाळी बकरीचं दूध घेऊन यायची आणि दुधापेक्षा बातम्या जास्त देऊन जायची. उन्हाळा संपत आला होता. शिवम्मा ओसरीत बसून श्वास मोजत होती, तेव्हा केवळाबाई तांब्या खाली ठेवत म्हणाली, "शिवम्माबाई, तुमी मृगाची मासोळी कामून घेत न्हाई? हैदराबादला देतेत की."

"हैदराबाद आता आपलं राह्यलंय का? मागल्या दिवाळीपासून आपण मुंबईवाले झालाव."

"मुंबईवाले! बोलायलाव तसंच, खायलाव तसंच, आन् मुंबईवाले!"

"आन् तिथली गर्दी म्हणं मुंगीला पाय टाकू देत न्हाई. श्वासाचं औषध आणायला जायचं आन् श्वास कोंडून मरायचं."

"मग आमच्या मुंजाजीकडं चला की." केवळाबाई जवळ सरकली. "चुलतभाऊ हाय माजा. रानीसावरगावच्या अलीकडं वस्ती हाय आमच्या भावकीची. मेंढरं राखतो. त्येच्या बापाला कुन्या फकिरानं दिल्यालं औषध हाय. मृग निगाला की त्याच दिवशी देतो. पैसा घेत न्हाई."

"कशातून देतो?"

केवळाबाईनं शिवम्माच्या गळ्यातल्या चांदीच्या लिंगाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. जणू लिंगाला ऐकू जाऊ नये. "जित्या मासोळीतून. मरळीचं पिल्लू, करंगळीयेवढं. त्येच्या तोंडात औषध भरायचं आन् गिळायचं. ती आत जाऊन शेपटी हलवती न् छातीतला कफ झाडून काढती."

"छातीत कशी जाईल? पोटात जाईल की."

"आता ते मासोळीला ठाव, कुठं वळायचं ते! तुमी काय तिला वाट दाखवायला आत बसलाव का?"

शिवम्माला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबेपर्यंत केवळाबाई तिची पाठ चोळत राहिली. मग म्हणाली, "येकच आट हाय. मासोळी इकत घेतल्याली चालत न्हाई, मागून आनल्याली चालत न्हाई. ज्येचा दमा त्येच्या घरच्या मानसानं हातानं धरल्याली पायजे. आन् जिती पायजे."

"झालं मग. लिंगायताच्या घरात मासे धरणारं माणूस कुठून आणू?"

आत दुकानात सुतळीचा बिंडा उलगडण्याचा खसखस आवाज चालला होता. तो थांबला.

संध्याकाळी जेवताना गुरुपादप्पांनी विचारलं, "केवळाबाई काय म्हणत होती?" शिवम्मानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनीही पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐकलं.

"काईतरीच," ते म्हणाले. अर्धी भाकर झाल्यावर म्हणाले, "धरता येईल म्हणा."

"कुणाला?"

"मलाच."

"तुमाला?" शिवम्मानं डोळे होतील तेवढे मोठे केले. संसारात हे येतं बाईला. "तुमी मासा कधी पाह्यलाय तरी का?"

"पाह्यलाय. लांबून."

तिनं भाकर वाढली. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आन् लिंग? गळ्यात लिंग ठेवून मासोळी गिळायची?"

तिचा तो विचार दुपारीच करून झाला होता. "चावायची न्हाई. नुसती वाट द्यायची."

"मठातल्या स्वामींना विचारावं का?"

"विचारलं की ते न्हाई म्हणतेल. न्हाई विचारलं तर त्येंनी न्हाई म्हणलं असं कुणाला म्हणता येत न्हाई."

गुरुपादप्पांनी मान डोलावली. देवाच्या बाबतीत बायको आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे, हे त्यांना फार वर्षांपासून ठाऊक होतं.

मृगाच्या दोन दिवस आधी ते नदीला गेले, आणि तो सोमवार नव्हता. कणीक नेली नाही. मरळ कणकेला तोंड लावत नाही, हे शिवम्माला तेव्हा माहीत नव्हतं. नेलं ते जाळ्यासारखं धरायला तिचं एक जुनं, विरलेलं लुगडं. दुपारी परत आले ते गुडघाभर चिखलात, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागच्या दारानं न येता पुढच्या दारानं आले. हातात पितळी कळशी. ओसरीत ठेवून म्हणाले, "बघ."

तिनं वाकून पाहिलं. अर्ध्या कळशीत पाच काळपट पिलं फिरत होती. अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक नारिंगी रेघ, डोकं सापासारखं चपटं. ती घाबरली, मग तिला ती गोजिरी वाटली, मग यातलं एक आपल्याला गिळायचंय हे आठवलं आणि तिनं मान मागं घेतली.

"ह्येंची आई?"

"होती. बापबी होता. दोघं लय धडका देत होते पायाला." त्यांनी नडगी चोळली आणि विषय तिथंच सोडला. मग म्हणाले, "कळशी अर्धीच राहू दे. भरू नको."

"बरं."

"आन् झाकण नको. फडकं बांध. पातळ."

"बरं."

गाडीत पाणी हिंदकळेल म्हणून म्हणत असतील, असं ती समजली. ते कारण सांगतील असं तिला वाटलं नाही, आणि त्यांनाही ते सांगावं असं सुचलं नाही. अर्धा जन्म एक गोष्ट तोंड मिटून सांभाळली, की ती सांगायची वेळ आली तरी तोंड उघडत नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं निघाले. डब्यात शिवम्मा कळशी मांडीवर घेऊन बसली. समोरच्या बाईनं विचारलं, "काय हाय वो त्यात?"

"तीर्थ," गुरुपादप्पा म्हणाले.

त्या बाईनं कळशीला हात जोडले, कपाळाला लावले, आणि आपल्या नातवाचं डोकंही तिच्यापुढं टेकवलं. शिवम्मानं पदर तोंडाला लावला. गुरुपादप्पा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. आपण दोघं मिळून इतक्यात कधी हसलो होतो, हे तिला आठवेना. छातीत शिट्टी वाजत होती तरी तिला वाटलं, औषध लागू पडणार.

परभणीला गाडी बदलायची होती. परळीकडची गाडी उशिरा होती. प्लॅटफॉर्मवर लिंबाच्या सावलीत तिला बसवून गुरुपादप्पा चौकशीला गेले. ऊन कढत होतं. कळशी तापली तर नाही ना म्हणून तिनं फडकं जरा उचललं.

आणि तिला दिसलं ते असं. एक पिल्लू तळातून सरळ वर आलं, पाण्याबाहेर तोंड काढलं, आ केला, आणि खाली गेलं. मग दुसरं आलं. आ केला, गेलं. मग तिसरं. थोड्या वेळानं पुन्हा पहिलं.

शिवम्मानं फडकं तसंच उचलून धरलं. तोंड वर करून असा आ करणं तिच्याइतकं कुणाला ओळखू येणार? रात्र रात्र ती हेच करत होती. गठ्ठ्याला टेकून, मान वर करून, तोंड उघडून, एका घोटासाठी. ही पिलं धापत होती. मासा कशासाठी धापेल? पाण्यासाठी. अर्ध्या कळशीत त्यांना पाणी पुरत नव्हतं, आणि आपण मात्र हिंदकळेल म्हणून त्यांना कोंडून ठेवलं होतं.

ती लिंबाच्या बुंध्याला धरून उठली. नळावर तांब्या भरला, आणला, ओतला. परत गेली. दोन खेपांनी तिला दम लागला, थांबली, बसली, पुन्हा उठली. कळशी काठोकाठ भरली. मग सांडू नये म्हणून तिनं पितळी ताटली तोंडावर बसवली, वरून फडकं ओढलं आणि दुकानातल्या सुतळीनं आवळून गाठ मारली. गठ्ठ्याची गाठ. गुरुपादप्पांनीच शिकवली होती, ओढली की आणखी घट्ट होणारी. कान लावून ऐकलं. आत थोडी खुडबुड झाली; मग सगळं शांत झालं.

तिला फार बरं वाटलं. कुणाची तरी धाप आपल्या हातानं थांबली.

गुरुपादप्पा आले. "ह्या बऱ्या हायत ना?"

"एकदम निवांत झाल्या."

ते कळशीकडं वाकणार तोच गाडी लागली आणि बोचकी उचलायची घाई झाली. पुढं गंगाखेडहून बैलगाडी. फुफाटा असा की बैलांचे कान दिसेनात. वस्तीवर पोचेपर्यंत शिवम्माचे ओठ काळेनिळे पडले. मुंजाजीच्या छपरात तिला टेकवून गुरुपादप्पा तिची पाठ चोळत बसले, आणि कळशी आपली कोपऱ्यात होती तिथंच राहिली.

सकाळी छपरासमोर माणसं जमली होती. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात डालड्याचा डबा, कुणाचं मडकं. सगळीकडून शिट्ट्या वाजत होत्या छात्यांच्या. शिवम्माशेजारी एक म्हातारा होता. तो आपणहून म्हणाला, "माजं सातवं साल हाय ह्ये."

"गुण आला का?" तिनं विचारलं.

"येतोय की." त्यानं बराच वेळ श्वास गोळा केला. "मृग आला की न्हाई म्हनलं तरी जीव वढ घेतो हिकडं."

शिवम्मानं ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं ठरवलं.

मुंजाजी काटकुळा, खांद्यावर घोंगडी, बोटं औषधानं पिवळी झालेली. हसून म्हणाला, "या ताई. केवळानं सांगावा धाडला व्हता. आना मासोळी." गुरुपादप्पांनी गाठ सोडली. गाठ सोडायला वेळ लागला. ताटली उचलली.

पाचही वर आलेली होती. पांढरी पोटं वर.

गुरुपादप्पा बघत राहिले. काठाला टेकलेल्या पाण्याकडं, ताटलीकडं, हातातल्या सुतळीकडं. मग शिवम्माकडं. ती त्यांच्याकडंच बघत होती, काय झालं ते सांगा अशा तोंडानं.

"गाडीनं लय हादरे दिले," ते म्हणाले. "रस्ता खराब हाय."

मुंजाजीनं कळशीत पाहिलं. त्यालाही कळशीचं तोंड दिसलं, ताटली दिसली. त्यानं एकदा गुरुपादप्पांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "व्हय," तो म्हणाला, "रस्ता लय खराब हाय हिकडचा."

मागून एक बाई म्हणाली, "माज्याकडं येक जास्तीची हाय वो, घ्या ह्यास्नी."

मुंजाजी मान हलवत म्हणाला, "औषद माजं असतं तर देलं असतं, माय. ज्यानं देलं त्येची आट हाय."

"जवळ कुठं पाणी हाय का?" गुरुपादप्पांनी विचारलं. "मी आत्ता धरून आणतो. आत्ता."

"वढा कवाच आटला. मेंढरं हिरीच्या पान्यावर हायत. आन् औषद दुपारपत्तुरच चालतं. फुडल्या मृगाला या."

मग गुरुपादप्पांनी गळ घातली. वस्तीसमोर, सगळ्यांदेखत, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेऊन. पूर्णेच्या पेठेत ज्यांनी कधी भाव कमी करायला कुणाला विनवलं नव्हतं, ते मेंढपाळापुढं वाकून म्हणाले, "मुंजाजी, हिला आडवं झोपता येत न्हाई हो." इतक्या वर्षांनी त्या घरच्या माणसानं कुणाला गळ घातली, आणि गळाला काही लागलं नाही. मुंजाजी मागं तोंड करून डोळे पुसत होता. पण त्यानं औषध दिलं नाही.

परतताना गंगाखेडच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली गोदावरी म्हणजे वाळू आणि मधेमधे राहिलेले डोह. कळशी बाकाखाली रिकामी गडगडत होती. पुलाच्या मध्यावर गुरुपादप्पा अगदी सहज म्हणाले, "त्या डोहात वाम असंल."

"वाम म्हणजे?"

त्यांनी तिच्याकडं चमकून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लांबडा मासा. सापावानी. एका डोहातलं पाणी सरलं की ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या डोहात जातो म्हणं."

"जमिनीवरून?"

"जमिनीवरून. गार्डसाहेब सांगायचे." आणि मग बांध फुटल्यागत ते बोलायला लागले. माशाला पापणी नसते, झोपला तरी डोळे उघडेच. कान दिसत नाहीत पण ऐकतो. अंगावर बाजूनं एक रेघ असते, तिच्यातून त्याला लांबून पावलं कळतात, म्हणून काठावर पाय आपटायचा नाही. शिंगाडा मासा मिशांनी चव घेतो. नुसत्या मिशांनी नाही, सगळ्या अंगानं. पाण्यात पडला की त्याला अख्खी नदी चाखायला मिळते. "आन् खवल्यावर रेघा असतेत, झाडाच्या बुंध्यावानी. मोजल्या की वय कळतं."

"माझ्याकडं एक हाय," शिवम्मा म्हणाली.

"काय?"

"खवला. सुपारीच्या डब्यात."

गुरुपादप्पांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे तुला ठाव होतं?"

"मग कणकेत हिंग कोण घालत होतं? महादेव?"

ते हसले. असे हसले की पलीकडच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. शिवम्माही हसत होती, मधे मधे थांबून, श्वास घेऊन. तिला वाटलं, हेच सोमवारी सोमवारी घरी येऊन सांगितलं असतं तर! किती सोमवार गेले.

"अजून सांगा."

"अजून काय... मरळ सगळ्यात न्यारी. तिला कल्ले असतेत, पण ते पुरत न्हाईत. घडोघडी वर येऊन तोंडानं हवा प्यावी लागती. म्हणून तर चिखलात जगती, ओल्या फडक्यात जगती. पण जाळ्यात खालीच अडकली, वर येता न्हाई आलं, तर पाण्यात असून बुडून मर—"

ते थांबले.

 शिवम्मानं वाकून बाकाखालची कळशी ओढून घेतली आणि तिच्या रिकाम्या तोंडाकडं बघत राहिली. आ केला, खाली गेलं. दुसरं आलं, आ केला. धाप नव्हती ती. तोच श्वास होता.

"मासा बुडतो?" तिनं विचारलं.

"एखादा."

"मला आधी कामून सांगितलं न्हाई?" आवाजात राग नव्हता. राग करायला श्वास लागतो.

"तू कधी विचारलं न्हाई."

"मी विचारलं असतं तर तुमाला नदीला जाता आलं असतं का?"

 दोघांचंही खरं होतं. परभणी येईपर्यंत तिनं कळशी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या सोमवारी तिनं कणीक मळली, हिंग घातला, वाटीखाली ठेवली. संध्याकाळी वाटी उचलली तर गोळा तसाच, वर पापुद्रा धरलेला. गुरुपादप्पा दिवसभर माळ्यावर गठ्ठे लावत होते. "जा की," ती पुढच्या सोमवारी म्हणाली. ते म्हणाले, "पाण्याकडं बघवत न्हाई." केवळाबाईनं मुंजाजीकडची हकीगत पेठेत पसरवली होतीच, स्वामी घरासमोरून जाताना आता थांबत नव्हते. त्याचं शिवम्माला काही वाटलं नाही. वाटलं ते वेताच्या काठीचं. माळ्यावर तिला वाळवी लागली आणि एके दिवशी ती चुलीत गेली.

धाप गेली नाही. पुढचा मृग ही गोष्ट दोघांनीही काढली नाही. त्या म्हाताऱ्याचं सातवं साल दोघांनीही ऐकलं होतं. पण तिन्हीसांजा झाल्या, दुकानाची धूळ खाली बसली, की गुरुपादप्पा तिच्या गठ्ठ्यापाशी येऊन बसत आणि तिला एक मासा सांगत. रोज एक. गार्डसाहेबांनी सांगितलेले सगळे झाले. स्वतः पाहिलेले झाले. मग तेच तेच पुन्हा यायला लागले आणि शिवम्मा पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करून ऐकायची. डोळे मोठे करून. आणि दिवाळीच्या सुमारास असे मासे यायला लागले, जे कुठल्याही नदीत नसावेत.

"एक मासा हाय," ते एका संध्याकाळी म्हणाले. "तळाशी जातो. वाळू सारखी करतो. आन् आडवा होतो."

"आडवा?"

"एकदम आडवा. कुशीवर. सकाळपर्यंत हलत न्हाई."

"हे गार्डसाहेब म्हणायचे?"

"हां," ते म्हणाले. "गार्डसाहेबच."

शिवम्मानं मान मागं टेकली, तोंड उघडून एक घोट हवा घेतली, मग दुसरा घेतला. बोलण्यापुरती जमल्यावर म्हणाली, "बरं हाय त्याचं."